लाल दिव्याचा बल्ब

वहिनी,

चहा झाकून ठेवलाय. मी शहागंजला वायरमनकडं चाललोय. मी येईस्तोवर दादाच्या फियाटजवळ जाऊ नका.

गाडी विकायची ठरली म्हणून आज सकाळी मी तिला बॅटरी जोडली. चावी फिरवली, तर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला. तो लागूच शकत नाही, वहिनी. त्याचा बल्ब मी वर्षापूर्वीच काढलाय.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. गाडी चालू करूनही तो दिवा विझला नाही, म्हणजे बॅटरी चार्ज होत नाही, की दादा गाडी बाहेर काढायचाच नाय. माझ्या साखरपुड्याला फुलंब्रीत पाव्हण्यांच्या दारात फियाट उभी पाहिजे, असा माझा लई हट्ट होता. म्हणून मी गुपचूप बल्ब काढला. दादा खूश होऊन म्हणला, "बघ बिरू, आपसूक नीट झाली."

परतताना दादा गाडीत एकटाच होता. दिवेलागणीला बॅटरी उतरली, पुढचे-मागचे सगळे दिवे विझले, आणि मागून ट्रक आला. दादा जागीच गेला.

बल्ब माझ्या कपाटात, अंगठीच्या डबीत ठेवला होता. मला ती उघडवत नाही, तुम्ही बघा. डबी रिकामी असंल, तर बल्ब तुम्हीच परत बसवलाय आणि तुम्हाला सगळं कळलंय. मग मला घरात घ्यायचं का नाही, ते तुम्ही ठरवा.

बल्ब डबीतच असंल, तर दाराला आतून कडी लावा. गाडीची चावी काढून माझ्या खिशात ठेवलीय. दिवा अजून लागलेलाच आहे.

बिरू