तात्यासाहेब उठेपर्यंत

४ ऑगस्ट १९८६
गो टू बंद! केशवराव साहेब पुण्याहून ट्रेनिंग घेऊन आले आणि आल्या आल्या फर्मान — प्रोग्रॅममधून 'गो टू' लिहून मधेच उडी मारून बाहेर पडायचं नाही. मग गेटवर ट्रकची चलनं छापणाऱ्या माझ्या प्रोग्रॅमचं काय? नोंद चुकीची निघाली की तो 'गो टू'नं ती सोडून देतो आणि पुढच्या ट्रकचं चलन छापतो. छान चाललंय. पण साहेबांना चालण्याशी घेणं नाही, शिस्तीशी आहे. म्हणाले, “पंगतीतून कुणी मधेच उठतं का? वडीलधाऱ्यांचं होईपर्यंत बसायचं. प्रोग्रॅमनंही तसंच.”
महिनाअखेर माझं प्रोबेशन संपतंय. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यांच्या हातात. काढते बाई गो टू!

८ ऑगस्ट
काढला. प्रोग्रॅम आता सोवळ्यात. साहेबांनी लाल पेन्सिलीनं तपासला. (ही लाल पेन्सिल आमच्याकडे फक्त कायम झालेल्यांना मिळते. आम्ही साध्या शिसपेन्सिलीवाले!) चुकीची नोंद आली तर हा बाहेर कसा पडणार, मी विचारलं. ती येईलच कशी, असं उत्तर मिळालं. बरं.

१४ ऑगस्ट
साहेबांकडे सत्यनारायण. दुपारी सगळं ऑफिस जेवायला. पंगतीत साहेबांचे वडील, तात्यासाहेब — दात नाहीत आणि घाईही नाही. आमची पानं केव्हाच चाटूनपुसून झाली, ते अजून भाताला आळं करत होते. तेवढ्यात गेटवरचा बन्सी लुना घेऊन हजर. “साहेब, मशीन एकच चलन छापून ऱ्हायलं. थांबंना. गेटवर लई ट्रक जमलेत.”
आली की चुकीची नोंद! साहेबांनी तात्यासाहेबांकडे पाहिलं. तात्यासाहेबांनी मठ्ठा मागितला. साहेब बसूनच! मला हसू आवरेना, आणि भीतीही वाटली — प्रोग्रॅमवर नाव माझं.
शेवटी मीच उठले. भर पंगतीतून! साहेबांच्या आई, द्वारकाबाई, वाढता वाढता थबकल्याच. हात धुतला न धुतला, बन्सीच्या लुनावर थेट चिकलठाण्याला, कंपनीत. गो टू परत घातला. उडी मारून जिथं पोचायचं, त्या जागेला काहीतरी नाव द्यावं लागतं. दिलं — तात्या-उठले.
ट्रक गेले. मग लक्षात आलं. ते नाव आता साहेब वाचणार.

१५ ऑगस्ट
सुट्टी. गावभर झेंडे, मी घरी नोकरीच्या जाहिराती वाचतेय.

१६ ऑगस्ट
साहेबांनी प्रोग्रॅमचा कागद मागवला. लाल पेन्सिल त्या ओळीवर येऊन थांबली. मग कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. गेली नोकरी. आणि हसूही येतंय, काय करू!

२२ ऑगस्ट
सकाळी टेबलावर साहेबांचा स्वतःचा नवा प्रोग्रॅम. तपासायला. वर एक कोरी लाल पेन्सिल!
चौथ्या पानावर — 'गो टू तात्या-उठले'.
मी त्याला लाल गोल केला. शेजारी लिहिलं: “तात्यासाहेबांना विचारलंत का?”