परकोटावरचा घरजावई

माय, काल सकाळी सुनेला घेऊन आपल्या खिडकीवर गेले होते. ती पुण्याची, तिला वाटलं घराचीच खिडकी. मग सांगावं लागलं, की चंद्रपूरच्या परकोटाला, म्हणजे गावाभोवतीच्या तटाला, हत्ती जातील असे मोठे दरवाजे आहेत आणि माणसांपुरती लहान दारंही आहेत, त्या दारांना आम्ही खिडकी म्हणतो. आतल्या अंगाला डावीकडे तो गुळगुळीत दगड आहे ना, जिथे तू मासोळीची पाटी घेऊन बसायचीस, तोही तिला दाखवला. तो शेकडो वर्षांच्या उन्हापावसाने गुळगुळीत झाला की तुझ्या बसण्याने, यावर जाणकार काय म्हणतील ते म्हणोत, मी तुझ्या बाजूची आहे. सून त्यावर बसली आणि म्हणाली, इथे वारा छान येतो. मला इतका आनंद झाला, की घरी येऊन हे लिहायलाच बसले.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी परकोटाच्या डागडुजीवर ओव्हरसियर होते, आणि आपल्याच खिडकीच्या माथ्यावर तो पिंपळ उगवलेला. मुळं दगडांच्या सांध्यांत शिरली होती, भिंतीला पोट सुटलं होतं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, पावसाळ्याआधी झाड निघालं तर भिंत सांधू, नाही तर धोका नको, खिडकी विटांनी कायमची बुजवू. सगळा मोहल्ला त्या खिडकीतून नदीवर जायचा, तुझं गिऱ्हाईक त्याच वाटेने यायचं. आणि विटा लागताना देखरेखीला उभी कोण राहणार, तर मी! माझी झोप उडाली होती. तू मात्र मासोळी धुतलेलं पाणी रोज त्या पिंपळाच्याच खाली उतरलेल्या मुळांना घालत होतीस. सगळं गाव उन्हाने करपलेलं असताना हा पठ्ठ्या हिरवागार. त्यात भर म्हणून गवंड्याने कुदळ खाली ठेवली. "बाई, मजुरी नका देऊ, पन पिंपळाले हात नाई लावनार."

मी तणतणत तुझ्या घरी आले. तू चुलीपाशी मरळीचा रस्सा ढवळते आहेस, मान वर न करता विचारतेस, "त्याचं लगन झालं का?"

"कोनाचं?"

"पिंपळाचं. बिनलग्नाच्या पिंपळाले कोन हात लावंन?"

"तोडाचा नाई वो माय, मुळासकट काढून दुसरीकडं लावाचा हाये."

"मंग लगन लावू न! नदीवर निंब हाये, थे नवरी."

मी कपाळावर हात मारला. शिकल्यासवरलेल्या पोरीने हे साहेबांना कसं सांगायचं? पण दुसऱ्या दिवशी तू मोहल्लाभर सांगून आलीस. गवंडी खूश झाला, तोच डफडं घेऊन आला. सकाळी सकाळी पिंपळाला हळद लागली, निंबाला हिरवी चोळी बांधली, अक्षता पडल्या. मी तोंडाला पदर लावून हसत होते. आणि मग शेजारच्या काकूने ऐन वेळी बॉम्ब टाकला. "पन बाई, नवरदेव कुठी जाते वो? नवरी येते न त्याच्या घरी."

डफडं थांबलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. खरंच होतं की! रीतीप्रमाणे आता निंबाने भिंतीवर राहायला यायचं. म्हणजे करायला गेलो एक आणि झालं भलतंच, भिंतीवर एकाच्या जागी दोन झाडं! माझं हसू पळालं. गवंडी पुन्हा मागे सरकायला लागला. सगळ्यांचे डोळे तुझ्याकडे. तू कमरेला पदर खोचलास.

"याले घरदार हाये का काई? लोकाच्या भिंतीत राहून राह्यला. निंबाची जागा हाये, पानी हाये. घरजावई धाडू याले!"

काय हशा पिकला माय! काकूच सगळ्यांत आधी हसली. गवंड्याने मग एकेक दगड असा अलगद उतरवला, की मुळाची सालही निघाली नाही. ओल्या पोत्यात गुंडाळलेला नवरदेव चौघांच्या खांद्यावर निघाला, खिडकीत त्याच्या फांद्या अडल्या, तर तू म्हणालीस, "वाक जरा, सासरी चालला." बायकांनी गाणं धरलं आणि वरात आपल्या खिडकीतून नदीकडे गेली. भिंत पावसाआधी सांधून झाली. खिडकी उघडी ती आजवर उघडीच आहे. आता त्या दोन झाडांखाली पोरं क्रिकेट खेळतात आणि चेंडू अडकला की घरजावयाला शिव्या देतात. भिंतीच्या सांध्यात नवं रोप दिसलं, की मोहल्ल्यातल्या बायका बोटभर असतानाच उपटतात; म्हणतात, लग्नाचा खर्च परवडत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? सुनेला वाचून दाखवीन आणि कपाटात ठेवून देईन. फक्त एक राहिलं. वरात खिडकीबाहेर पडली तेव्हा तू मागे वळून विचारलंस, "काऊन रडून राह्यली वो?" माझ्या स्वतःच्या पाठवणीत मी रडले नव्हते, म्हणून तुला नवल वाटलं असेल. मी तुझ्या रिकाम्या दगडापाशी उभी होते. म्हटलं, डोळ्यात चुना गेला. माय, त्या दिवशी कामावर चुना आलाच नव्हता.