फाटकावरचं पाणी

प्रिय सुमिंत्राताई,

धाकट्या दूधनाथचा वाकून नमस्कार. टोरंटोच्या थंडीत गुडघे काय म्हणतात? आम्ही इथे बर्बीसच्या घरी खुशाल आहोत, तुझ्या भावजयीचा, चंद्रावतीचा, रक्तदाब सोडला तर (तो माझ्यामुळे वाढतो असं तिचं म्हणणं).

"पोरीला ख्रिस्त्यांत देतोस, आता घरात काय काय शिरतं ते बघ," असं लिहून तू लग्नाला आली नाहीस. तेव्हा काय शिरलं ते कळवतो.

शुक्रवारी इंद्रानीची हळद होती, रविवारी घरी आपल्या पद्धतीचं लग्न. हळदीच्या संध्याकाळी नवऱ्यामुलाकडची, म्हणजे लेनॉक्सकडची, तीसेक माणसं बस करून, ढोल बडवत आली. (त्यांच्यात लग्नाआधी असंच येतात आणि गाण्यातून नवरीच्या बापाची यथेच्छ टिंगल करतात, दोन कडवी नुसती माझ्या पोटावर होती.) पुढे लेनॉक्सची आजी युलाली, वय अठ्ठ्याऐंशी, हातात रमची बाटली. फाटकाशी रम ओतून पितरांना लग्नाचं सांगायचं, ही त्यांची रीत. आपला भाऊ चैतू दारूपायी गेला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या फाटकातून थेंब आत आलेला नाही, हे तुला ठाऊक आहे. हळदीच्या पिवळ्या हातांनी मी फाटक धरून उभा राहिलो. म्हटलं, "आजी, माणसं सगळी आत या. बाटली बाहेर."

ढोल थांबले. इंद्रानीने माझ्याकडे असं बघितलं की मी फाटकाच्या कडीकडे बघू लागलो. पंडितजींना एकाएकी कढीचं पातेलं बघायची निकड लागली.

"कुणासाठी एवढं?" आजीने विचारलं. मी सांगितलं. तिने बाटली लेनॉक्सकडे दिली. "बसमध्ये ठेवून ये. मेलेल्यांना तहान असते बाबा, नशा नसते. पाणी आण."

मी पूजेचा लोटा आणला. तिने धार धरली आणि आपली माणसं एकेक करून हाकारली: उसाच्या मळ्यात खपलेली, नदीत बुडालेली, नाव ठेवायच्या आधीच गेलेलं एक बाळही. मग मला म्हणाली, "भावाचं नाव सांग. पूर्ण." आणि ताई, तिने आपल्या चैतरामला तिच्या आईच्या आणि नवऱ्याच्या मधोमध बोलावलं, जेवायला हाक मारावी तसं. अकरा वर्षं ते नाव आपल्या घरात कुणी मोठ्याने घेतलेलं नाही. मी दारू बाहेर ठेवत होतो, आणि तिच्याबरोबर त्यालाही.

त्यानंतर माणसं आत आली आणि माझ्या पोटावरचं तिसरं कडवं झालं.

तुझा,
दूधनाथ

ता. क. मी रडलो नाही. चंद्रावती फोनवर वेगळं सांगेल, ऐकू नकोस.

ता. क. २. चर्चमधलं लग्न पुढच्या महिन्यात आहे (पाद्र्याला तोवर सवड नाही). तू ये. आजीने तुझंही पूर्ण नाव विचारून घेतलंय. आली नाहीस तर पाणी ओतताना तेही घेईन म्हणते.