घर सांभाळणारी बाई

एल्डरहोम,
संत मार्टिनच्या सणानंतरचा तिसरा दिवस, सन ११०३

चि. वुल्मर यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिले. मनापासून आहेत की नाहीत, ते पत्र संपेपर्यंत मलाही कळेल.

तुझं पत्र वाम मासे पकडणाऱ्या हॉर्डकडून मिळालं. मठाच्या मेणबत्त्याही मिळाल्या. त्या आमच्या काय कामाच्या, ते तुझं तुला ठाऊक.

इकडे बरं आहे. पाणी यंदा लवकर चढलं, खालचा बांध दोनदा फुटला. डुकरं कापून मीठ लावून ठेवली. तुझी भाची गोडलेवा माझ्याहून वीतभर उंच झालीय आणि जिभेनं तर हातभर. माझ्या नवऱ्याची, ऑर्डगारची, तब्येत कशी, असं तू विचारलंस. जव चांगले आलेत.

तुझ्या पत्रात लिहिलंयस, ‘ताई, जे झालं ते कुणाच्याच मनात नव्हतं.’ वुल्मर, कुणाच्या मनात काय होतं ते मला शिकवू नकोस. आपल्या बाबांना मठानं ही जमीन तीन हयातींसाठी दिली होती. त्यांची, माझी आणि माझ्या लेकराची. बाबांनी तो कागद आपल्याला बाराखडी गिरवायला दिला होता, आठवतं? आता मठाधिपती फ्रान्सहून आलेला. राजाला घोडेस्वार पुरवायचे, म्हणून त्याला स्वारांना द्यायला जमिनी हव्यात. राऊल नावाच्या स्वाराला आपली हवी. कागद आडवा येतो. मग कुणीतरी मठाधिपतीच्या कानात सांगितलं, ‘नव्या नियमाप्रमाणे पाद्र्याला बायको असू शकत नाही. लेवरूनचा नवरा पाद्री. म्हणजे ती बायको नव्हे, आणि तिची पोर औरस नव्हे. तिसरी हयातच नाही.’

ते कुणी सांगितलं, हे मी तुला विचारत नाही. त्या कागदातला शब्दन्‌शब्द पाठ असलेला माणूस मठात एकच आहे.

आणि एक सांग. आपले बाबाही याच गावचे पाद्री होते. मग आपली आई कोण होती रे? तिनं तुला छातीशी धरून तीन तापांतून काढलं, ती बाबांचं घर सांभाळायला ठेवलेली बाई होती? मी अनौरस, तर तू कोण? अंगात मठाचा काळा झगा घातला की माणूस आभाळातून पडतो का?

जमिनीच्या सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी तू आलास. माझ्या हातची वाटाण्याची आमटी दोनदा मागून घेतलीस. मग ऑर्डगारला घेऊन बांधावर गेलास आणि तासभर बोलत बसलास. मला वाटलं, लहानपणचे मित्र आहेत, बोलू देत.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर मठाधिपतीनं फ्रेंचमध्ये विचारलं, तू ते आपल्या भाषेत सांगितलंस: “ऑर्डगार पाद्री, ही बाई तुझी कोण?”

वीस वर्षं माझ्या शेजारी निजणारा माणूस जमिनीकडे बघत म्हणाला, “ती घर सांभाळते.”

तू ते लगेच फ्रेंचमध्ये सांगितलंस. अडखळला नाहीस. तुला आधीच पाठ होतं.

तुझा हिशेब मला नंतर कळला. ऑर्डगारला चर्च राहील, मठाला जमीन मिळेल, तुला मठात वरची जागा मिळेल. आणि ताई? ताई जाईल कुठल्यातरी जोगिणींच्या मठात, तिथं वाटाण्याची आमटी करील.

मग मी उभी राहिले. इथवरचं तुला माहीत आहेच, पण तू ते फ्रेंचमध्ये सांगत होतास, ऐकत नव्हतास. म्हणून पुन्हा लिहिते. मी म्हणाले, “माझं लग्न या चर्चच्या दारात झालं. बाबांनी लावलं. जो जो जेवला, त्यानं हात वर करावा.” मग केटेल गिरणीवाला म्हणाला, “मी जेवलो. हंसाचं मांस होतं आणि बिअर आंबट होती.” लोक हसले. मग हात वर झाले. बारा पंचांतल्या सहा जणांनी शपथ घेतली. उरलेले सहा फ्रेंच, ते लग्नात नव्हते. त्यांनीही मान हलवली. राऊल बूट आपटत बाहेर गेला.

मी जिंकले. जमीन माझी, माझ्यानंतर गोडलेवाची. मठाधिपती शांतपणे काहीतरी बोलला आणि तू त्याच शांत आवाजात आम्हाला सांगितलंस: “बायको आहे हे सिद्ध झालं. आता बायको असलेला माणूस माझ्या वेदीला हात लावणार नाही.” आणि त्यानं ऑर्डगारच्या कमरेची चर्चची किल्ली तिथंच काढून घेतली.

वुल्मर, मला हे ठाऊक होतं.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी उभी राहिले तेव्हाच मला ठाऊक होतं, की मी बायको ठरले तर तो पाद्री राहत नाही. गावात कुणाला कळलं नसेल, मला कळलं होतं. नियम मीही वाचलाय. त्यानं मला तीन शब्दांत संपवलं होतं, आणि मी त्याला तिथंच, सगळ्यांसमोर. जमिनीसाठी केलं, गोडलेवासाठी केलं, असं मी म्हणते. रागानं केलं.

नवा पाद्री आला. त्याला आपली भाषा येत नाही. ऑगस्टात केटेल मरायला टेकला. त्याला पापं सांगायची होती, तर हा पोरगा नुसती मान डोलवत बसला. म्हातारा ओरडत होता, “ऑर्डगारला बोलवा!” ऑर्डगार दाराबाहेर उभा होता. आत जायची मनाई. म्हातारा तसाच गेला. चार दिवसांनी भट्टीवर त्याची बायको मला म्हणाली, “तुझी शेतं राहिली गं बाई, आमचा पाद्री गेला.” बाकीच्या बायकांनी पाव उचलले आणि गेल्या. तिला काय उत्तर देऊ? तूच दे, तुला सगळ्या भाषा येतात.

ऑर्डगार सुनावणीपासून माझ्याशी बोलत नव्हता. नांगरतो, खातो, निजतो. एवढंच.

आणि आता तुझं हे पत्र. मी डोक्यावर जोगिणीचा पदर घेतला, तर बिशप ऑर्डगारला चर्च परत देतील. ‘ताई, तुझ्या एका होकाराची खोटी.’ पाच दिवस मी ते पत्र पिठाच्या पेटीत ठेवलं. काल खळ्यावर त्याला वाचून दाखवलं. तो जव झोडत होता. ऐकून झाल्यावर त्यानं काठी खाली ठेवली.

“मी जा म्हणालो, तर जाशील?”

“नाही.”

“मग वाचून कशाला दाखवलंस?”

“पत्र तुझ्याबद्दल होतं. लपवायची लाज वाटली.”

तो हातातली कुसळं काढत बसला. मग म्हणाला, “त्या दिवशी मी जे बोललो, ते वुल्मरनं शिकवलं म्हणून नव्हे. मला वेदी हवी होती. तुझ्यापेक्षा जास्त. अजूनही हवी आहे. केटेल ओरडत होता तेव्हा तुझा गळा दाबावासा वाटला.”

“मला सुनावणीत वाटलं होतं,” मी म्हणाले.

“माहीत आहे. मी तुझ्याकडे बघितलं नाही ते त्यामुळेच.” आणि काठी उचलत म्हणाला, “पण ‘घर सांभाळते’ हे मी पुन्हा म्हणणार नाही. एकदा म्हणालो, ते आयुष्यभर पुरेल. एवढं कळव तुझ्या भावाला.”

कळवलं.

हे ऐकून आमचं सगळं गोड झालं, असं मठात सांगू नकोस. झालेलं नाही. त्याला मी माफ केलेलं नाही, त्यानं मला केलेलं नाही. पण आज सकाळी बांध पाहायला आम्ही दोघं गेलो, आणि तो म्हणाला, “इथं माती कमी पडलीय.” एवढ्या दिवसांत हे त्याचं पहिलं साधं वाक्य.

तू परत अशी पत्रं पाठवू नकोस. भेटायला आलास तर दार उघडं आहे. आईची शपथ, जेवायला घालीन. मात्र दारात उभं राहून आधी आईला बाबांची कोण म्हणतोस, ते मोठ्यानं सांगावं लागेल. आपल्या भाषेत.

आशीर्वाद मनापासून नव्हते.

तुझी सख्खी बहीण,
पाद्र्याची लेक, पाद्र्याची लग्नाची बायको,
लेवरून