डावी बाही

सोमवार, ता. ९ ऑक्टोबर

चिरंजीव जावईबापू यांस,

मामांचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुमच्या सासूबाईंचा गुडघा आता बरा आहे, जिना चढताना माझं नाव घेणं मात्र थांबलेलं नाही. दुकानात दिवाळीच्या कपड्यांची गर्दी सुरू झाली. मोठ्या मशीनचा पट्टा बदलून घेतला. तुमची प्रकृती कशी आहे? मुलगी फोनवर 'बरी आहे' एवढंच म्हणते. तिचं बरं आणि तिच्या आईचं बरं एकाच वळणाचं आहे. ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं.

पत्र लिहायला बसलो ते आनंदाची बातमी सांगायला. तुम्हाला ती कळली असेलच. पण घरातल्या माणसाने सांगायची राहिली होती.

आपल्या संघाला आपलं नाव परत मिळालं. काल मैदानावरच्या भोंग्यातून ते पुकारलं गेलं. 'ब्लू थंडर' नाही, 'विणकर'. पुकारणारे गृहस्थ जुनेच. नाव एकदा पुकारून भागेना, तीनदा पुकारलं. सगळं मैदान उभं होतं. माझ्या शेजारचे पेन्शनर, जे गोल झाला तरी घड्याळ बघतात, ते लहान मुलासारखे उड्या मारत होते. मी डोळे मिटून देवाला हात जोडले आणि मग मीही मारल्या. पन्नाशीला आलेल्या शिंप्याने किती उंच मारायच्या तेवढ्याच.

आता सुरुवातीपासून सांगतो.

गेल्या वर्षी कंपनीने संघ विकत घेतला तेव्हा आम्हाला वाईट वाटलं नव्हतं. छपराची गळती थांबली, खेळाडूंना बूट वेळेवर मिळाले. मग नाव गेलं, आणि नावापाठोपाठ शर्ट गेला. पांढरा शर्ट आणि डावी बाही तेवढी तपकिरी. पहिल्या संघाचे शर्ट शिवताना पांढरं कापड कमी पडलं, म्हणून गिरणीच्या गोदामातलं तपकिरी लावलं होतं. पुढे कापडाची कमी राहिली नाही, तरी बाही कुणी बदलली नाही. कंपनीने सगळं निळं केलं.

त्या काळात तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होतात. कंपनीच्या जाहिरातीचं काम तुमच्याकडे, म्हणून विषय निघालाच. तुम्ही म्हणालात, "मामा, जगाला ठिगळ विकता येत नाही." त्यावर माझा मेहुणा म्हणाला, "आमच्या पोरीला तुझ्यापेक्षा गोलपोस्ट बरा होता. निदान एका जागी तरी उभा राहतो!" मैदानावर घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज असा झालाय की त्याला सगळे सायरनच म्हणतात. तो हळू बोलला तरी तीन घरं ऐकतात. तुम्ही ताटावरून उठलात, ते आजतागायत आमच्याकडे आला नाहीत.

पुढे निळ्या शर्टाचा पहिला सामना ठरला. प्रत्येक खुर्चीवर फुकट निळा शर्ट ठेवणार, म्हणजे टीव्हीवर सगळं मैदान निळं दिसेल, असा बेत. जुना शर्ट घालून येणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवणार. निम्मे लोक म्हणाले, जायचंच नाही. सायरन त्यांच्यातच. "थंडर म्हणे! आपला गोलकीपर कुकरच्या शिट्टीला दचकतो!"

मी म्हटलं, मी जाणार. गाभाऱ्यातले दिवे कुणी बदलले म्हणून मी देवाकडे पाठ फिरवत नाही. आणि शर्ट अडवणार असतील तर बाही न्यावी. हे सगळ्यांना पटलं, सायरनलासुद्धा.

म्हणजे नुसतीच बाही. दोन्ही टोकांना इलॅस्टिक. घातलेल्या कपड्यावरून हातात चढवायची. माझ्याकडे तपकिरी कापडाचे दोन तागे पडून होते, ते पुरेनात म्हणून बायकांनी जुने पडदे आणले. तुमच्या सासूबाईंनी इलॅस्टिक ओवता ओवता मला ऐकवलं, "लग्नात मला एक ब्लाऊज वेळेवर शिवून दिला नाहीत, आणि आता अख्ख्या गावाला बाह्या!" पण गुडघा दुखत असताना सगळ्यात जास्त बाह्या त्यांनीच केल्या.

अडचण गेटची होती. खिशात रंगीत रुमाल सापडला तरी माणूस बाहेर काढणार, असं ऐकलं होतं. म्हणून ठरलं की सगळ्यांनी मोकळ्या हातांनी जायचं आणि बाह्या मी दोन पोत्याएवढ्या थैल्यांत भरून न्यायच्या. त्या आत गेल्या. कशा गेल्या ते पुढे लिहितो.

आत गेल्यावर रांगांतून हातोहात वाटल्या. भोंग्यातून 'ब्लू थंडर' असं पुकारलं आणि कुणी ओरडलं नाही. सायरनसुद्धा गप्प. सगळ्यांनी डाव्या हातात बाही चढवली आणि हात वर केला. जावईबापू, मी आयुष्यभर बाह्या शिवल्या. पण एक शिवण एवढ्या लोकांना जोडते हे मला त्या दिवशी दिसलं.

आपला कप्तान बघत उभा राहिला. मग कठड्यापाशी येऊन त्याने हात पुढे केला. सायरनने आपली बाही काढून त्याला दिली. पंच धावत आले. "एकट्याचा वेगळा पोशाख चालणार नाही."

कप्तान म्हणाला, "बरोबर आहे. मग सगळे घालतो."

पंचांनी डोकं खाजवलं, समोरच्या संघाकडे पाहिलं. ते हसत होते. शिट्टी वाजली. सामना आपण जिंकलो. गोल आपल्या ढेरपोट्या बॅकच्या गुडघ्याला चेंडू लागून झाला, आणि तो अजून सांगतो की मुद्दाम मारला.

त्यानंतर प्रत्येक सामन्याला तेच झालं. निळे शर्ट दुकानात घडी न मोडता पडून राहिले. शेवटी मालक स्वतः मैदानात उतरले आणि म्हणाले, "नाव तुमचंच राहील, बाहीसुद्धा." त्यांनी एक बाही मागूनही घेतली. त्यांच्या दंडाला इलॅस्टिक घट्ट झालं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

आता गेटचं.

लोक मला विचारतात, थैल्या आत गेल्या कशा? मी म्हणत आलो, देवाची कृपा. ते खोटं नाही. पण त्या दिवशी त्या कृपेने कंपनीचा निळा कोट घातला होता.

रखवालदाराने थैली उघडली, वरची बाही हातात घेतली आणि साहेबांना हाक मारली. साहेब म्हणजे तुम्ही. तुम्ही ती बाही उलटसुलट करून पाहिलीत, शिवणीवरून अंगठा फिरवलात आणि त्याला म्हणालात, "खुर्च्यांची कव्हरं आहेत. मीच बोलावलंय यांना." आणि मला म्हणालात, "जा आत, टेलर."

सहा महिन्यांत तुम्ही माझ्याशी बोललात ते एवढंच. 'मामा' म्हणाला असतात तर दोघेही पकडले गेलो असतो, हे कळत होतं. तरी आत गेल्यावर थैली खाली ठेवून मी थोडा वेळ उभा राहिलो.

परवा मुलगी बोलून गेली, "हल्ली हे दिवसभर घरीच असतात." मग जीभ चावली. मी शिंपी आहे, कापड कुठे ताणलंय ते मला लगेच दिसतं. कंपनीने चौकशी केली असणार. तुम्ही माझं नाव सांगितलं नाहीत, नाहीतर कुणी दुकानात आलं असतं. आणि इकडे लोक तुम्हाला अजून कंपनीचा माणूस म्हणून शिव्या देत होते. त्या तुम्ही ऐकून घेतल्यात.

म्हणून काल, उड्या मारून झाल्यावर, मी बाकावर उभा राहिलो. मला चार माणसांत बोलता येत नाही हे तुम्ही लग्नात पाहिलंच आहे. तरी बोललो. गेटवर काय झालं ते सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, तो माझा जावई आहे. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. तुमचं नाव लोकांना नीट ठाऊक नाही, म्हणून सगळं मैदान "जावईबापू! जावईबापू!" ओरडत होतं. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

सायरनचा चेहरा उतरला होता. आज सकाळी दुकानात आला आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाला, "दाजी, त्याला लिहा. म्हणावं, गोलपोस्टचे शब्द मी मागे घेतो. पण ठिगळ म्हणाला होता ना? मग ते येऊन सगळ्यांसमोर हातात घालायचं."

कामाची काळजी करू नका. तुमचं डोकं आणि हात शाबूत आहेत, आणि दुसरं काम मिळेपर्यंत आमचं घर आहे. हे उपकार म्हणून लिहीत नाही.

सोबत एक बाही पाठवतो आहे. हिला इलॅस्टिक नाही. तुमच्या लग्नाचा कोट मी शिवला तेव्हाचं माप माझ्या लक्षात आहे. तुमचा डावा हात उजव्यापेक्षा जरा लांब आहे. कोटात तो फरक मी लपवला होता. या बाहीत लपवलेला नाही.

रविवारी सामना आहे. दोघे या. मी तुमच्या उजव्या हाताला बसेन, म्हणजे डावा मोकळा राहील.

तुमचा,
खुर्च्यांची कव्हरं आणणारा
टेलर मामा