तांबड्या पेन्सिलीचं पत्र

सोमवार, ३ ऑगस्ट

मिळालं एकदाचं! साहेबांनी सही केली, शिक्का मारला, वर म्हणतात, "तिकडे गेलात तरी नकाशे इथल्यासारखेच तपासून यायला हवेत हं." अहो, मी चंद्रावरून तपासून पाठवीन! तीन आठवडे त्या माणसाच्या टेबलापुढे घिरट्या घातल्या. पत्रात आहे काय, तर बाई आमच्याकडे अकरा वर्षं इमारतींचे नकाशे तपासतात, हल्ली घरूनच तपासतात, परदेशात बसून तपासले तरी कंपनीची हरकत नाही. बस्स. या एका पानावर सगळा व्हिसा — तिथे राहून इथली नोकरी करायचा, एक वर्षाचा.

आईला फोन केला. म्हणाली, "पत्र आलं म्हणजे तू आलीस का?" म्हटलं, नाही. "मग नाचतेस कशाला?"

मंगळवार, ४ ऑगस्ट

कामात लक्ष नाही. जिना चौथ्या मजल्यावर संपतोय आणि इमारत सहा मजली, हे तिसऱ्यांदा पाहताना दिसलं! इथे तरी सगळं नीट मांडून ठेवते, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील.

दादा वारला त्याला सात महिने झाले. आई त्याआधीच परदेशात त्याच्याकडे चार महिने राहायला गेली होती, ती तिथेच अडकली. फुप्फुसात रक्ताची गुठळी. डॉक्टरांनी विमान बंद केलं — "वर्षभर तरी नाही. बसवलंत तर जबाबदारी तुमची." वहिनीने पोटच्या पोरीपेक्षा जास्त केलं तिचं, मी काय ते फोनवर. पण वहिनीला एक सप्टेंबरपासून दुसऱ्या शहरात नोकरी आहे. राहायला आणखी दोघी परक्या बायकांबरोबर मिळून एक खोली. तिथे आईला कुठे ठेवणार ती? म्हणजे एक तारखेच्या आत मी पोचले नाही, तर आई वृद्धाश्रमात. नाव नोंदवलंय, खाट ठरलीय. तिची भाषा बोलणारं तिथे कुत्रंसुद्धा नाही. पाणी मागायचं तरी हाताने दाखवून.

लोक म्हणतात, पर्यटक म्हणून जा. पंधरा दिवस मिळतात! आणि काम करायची बंदी. सोळाव्या दिवशी आईला काय सांगू, सहल संपली?

शनिवार, ८ ऑगस्ट

फाइल तयार. चार वेळा तपासली. मी तपासलेल्या नकाशात आजवर चूक निघालेली नाही, फायलीत कुठून निघणार!

सोमवार, १० ऑगस्ट

जीव द्यावासा वाटतोय.

व्हिसाच्या कचेरीत दहाची वेळ होती. साडेनऊलाच जाऊन बसले. खिडकीत चष्मेवाली बाई. पासपोर्ट बघितला, फोटो बघितला, बँकेचं बघितलं. मग पत्र हातात घेतलं आणि उजेडात धरलं.

"हे काय आहे?"

"कंपनीचं पत्र."

"ते कळलं. या खुणा कसल्या?"

तेव्हा मला दिसल्या. देवाशप्पथ, तेव्हा! प्रत्येक ओळीवर तांबड्या पेन्सिलीची बारीक खूण. खाली कोपऱ्यात माझी छोटी सही, तारखेसकट. ऑफिसात आमचा नियमच आहे — वाचलेल्या ओळीवर खूण, खूण नसेल तर ती ओळ वाचलेली नाही, आणि खाली सही नसेल तर कागद बाहेर जात नाही. अकरा वर्षांत हात आपोआप चालायला लागलाय. शनिवारी फाइल "तपासली" ना मी! मूळ पत्रावर! साहेबांच्या सहीवरसुद्धा एक खूण केलीय — सही तपासली म्हणून!

म्हटलं, "तपासलंय."

"कोणी?"

"मी."

"पत्र कंपनीचं, तुमच्याबद्दलचं, आणि तपासणार तुम्हीच?" मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. "फेरफार केलेला कागद घेता येत नाही. नवीन पत्र आणा."

म्हटलं, पेन्सिल आहे हो, रबराने जाईल. ती म्हणाली, "रबर लावाल तर आणखी वाईट." पुढची वेळ — अठरा तारखेची. आठ दिवस! मी हात जोडले. खरंच जोडले, काचेपलीकडच्या बाईला. तिने पुढचा नंबर पुकारला.

मंगळवार, ११ ऑगस्ट

साहेब रजेवर! रविवारी पाय मोडून घेतलाय. दुसऱ्या कुणाला सहीचा अधिकार नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आई — "काय म्हणाली खिडकीवाली?" म्हटलं, झालंच आहे गं, थोडं राहिलंय. खोटं बोलले आणि ते जमलंही.

गुरुवार, १३ ऑगस्ट

साहेबांच्या घरी गेले. पाय प्लास्टरमध्ये, उशीवर. त्यांच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. "त्यांना त्रास देऊ नका." मी त्रास द्यायलाच आले होते! आतून साहेब — "येऊ दे गं तिला, नाहीतर दारातच बसेल." नवीन पत्र छापूनच नेलं होतं. खुणांचं सांगितलं तर हसून हसून पाय दुखला त्यांचा. "माझ्या सहीवरपण?" मग "तुम्हाला मीच ही सवय लावली ना," म्हणाले. सही केली. शिक्का ऑफिसात, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. ती घेऊन धावत ऑफिसात गेले. शिक्का तिरका पडू नये म्हणून कागद शिपायाला धरायला सांगितला.

पत्र वाचलंच नाही. पेन्सिल घरात ठेवलीच नाहीय. शेजारणीला देऊन टाकली.

मंगळवार, १८ ऑगस्ट

घेतलं! तीच चष्मेवाली. पत्र उलटंसुलटं केलं. "या वेळी नाही तपासलं?" म्हणाली. बहुतेक हसली. निर्णय आठ ते दहा दिवसांत.

आठ म्हणजे सव्वीस. दहा म्हणजे अठ्ठावीस. तिकीट मिळालं पाहिजे, पोचलं पाहिजे. त्या खुणा केल्या नसत्या तर आज निम्मं झालं असतं. आज मी कपडे भरत असते.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

काही नाही. मेल दिवसातून चाळीस वेळा उघडते. स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं.

रविवार, २३ ऑगस्ट

वहिनी म्हणाली, वृद्धाश्रमाची माणसं घर बघून गेली. आईने त्यांना चहा दिला. ते काय बोलले ते तिला कळेना, ती काय बोलली ते त्यांना. "छान माणसं आहेत गं," आई फोनवर म्हणाली, "नुसती मान हलवतात. तुझे बाबा असेच होते."

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. खुणा, सही, अठरा तारीख, सगळं. म्हटलं, आई, माझ्यामुळे उशीर झाला. वेळेत पोचेन असं वाटत नाही मला.

आई हसायला लागली! खोकला येईपर्यंत हसली. "अगं, शाळेत असताना माझ्या वाणसामानाच्या यादीवर खुणा करायचीस. मीठसुद्धा सोडायची नाहीस." मी रडतेय आणि ती हसतेय. आणि मग अगदी साध्या आवाजात — "एक तारखेला मला नेतील, आणि तू कधी येशील ते तुला माहीत नाही. असंच ना?"

"असंच."

"बरं," म्हणाली. "जेवून घे."

मला तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळवार, २५ ऑगस्ट

आई फोनवर आली नाही. वहिनी म्हणाली, झोपल्यात. दुपारीही झोपल्यात! काय झालं, ताप आहे का, दम लागतोय का? "नाही हो वन्सं, बऱ्या आहेत." आवाज कसातरीच होता तिचा.

बुधवार, २६ ऑगस्ट

मेल नाही. वहिनी फोन उचलत नाही. अकरा वेळा केला.

गुरुवार, २७ ऑगस्ट

व्हिसा आला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. एकटीच घरभर ओरडत सुटले. वहिनीला लावला, आणि आज तिने पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हटलं, आला! आला!

ती म्हणाली, "वन्सं, आई तुमच्याकडे यायला निघाल्या, तुमच्या घड्याळाने सकाळी नऊच्या विमानात बसल्या. एकट्याच. डॉक्टरांच्या कागदावर स्वतः सही केली, जबाबदारी माझी म्हणून. मला शपथ घातली होती. म्हणाल्या, पोरीची पळापळ पुरे झाली आता."

विमानतळावर बसून लिहितेय. आईचं विमान उतरायला अजून सहा तास आहेत.