कडुलिंबावरची अळंबी

तलवाडा, भाद्रपद, मंगळवार

चांद्या बैल मीच हलवायला सांगितला होता. नामदेवरावांच्या कडुलिंबाच्या बुंध्याला अळंबीचे थर आले होते. माझ्या कृष्णधवल फोटोत ते दगडात कोरल्यासारखे दिसत. चांद्याचं पांढरं अंग मध्ये यायचं. पलीकडे बांधा, म्हटलं. मी रोज येतो म्हणून नामदेवराव त्याला तिकडेच बांधू लागले.

अशी अळंबी आली की खोड आतून कुजलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी विचारलंही होतं, "सर, झाड पाडावं का?" एवढा पावसाळा थांबा, म्हणालो. का? माझे चार फोटो राहिले होते.

काल वाऱ्यात झाड पडलं. पलीकडेच. चांद्या जागीच गेला. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायची जोडी मोडली.

आज सगळं सांगायचं ठरवून गेलो. नामदेवरावच म्हणाले, "तुमी कावून तोंड पाडता सर? वारंच लई व्हतं." मग त्यांच्या बायकोने विचारलं, "आमच्या चांद्याचा येखांदा फोटू असंल की तुमच्याकडं? इतक्या येळा आलते."

एकही नाही. पलीकडे बांधा, म्हणालो होतो.

"शोधतो," म्हणालो आणि निघालो.